रिंगा आणि पंचमंडळी

पावसाळ्यात चोपड्यात माणसाने एका जागी फार वेळ उभे राहू नये. पायाभोवती गवत चढते. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला की शापोरा नदीकाठची ही सगळी जमीन हिरवीगार होते. बाहेरून आलेले लोक पुलावर गाड्या थांबवून तिचे फोटो काढतात. आम्ही तिच्याकडे बघून चवथीला किती दिवस उरले ते मोजतो. गणपती घरी येणार तो पायवाटेनेच. वाटेवर मांडीएवढे गवत असले तर मूर्ती घेऊन चालणाऱ्याला आपले पाऊल दगडावर पडते आहे की फुरशावर, हे कळायला मार्ग नसतो. त्यामुळे श्रावणात गवत कापणे हे आमच्याकडे निम्मे धर्मकृत्य आहे. उरलेले निम्मे शेजाऱ्यांनी नावे ठेवू नयेत म्हणून.

पूर्वी हे काम गुरे करायची. त्यांना दोरी ओढून सुरू करावे लागत नसे, त्यांचे सुटे भाग म्हापशाहून आणावे लागत नसत, आणि वर शेण मिळायचे. मग दुधाच्या पिशव्या आल्या, गोठ्यांत स्कूटर उभ्या राहू लागल्या आणि गवताला मोकळे रान मिळाले. त्यात पूल झाल्यावर पलीकडची शिवोली जवळ आली, 2023 च्या जानेवारीपासून मोपाला विमाने उतरू लागली, आणि पेडणे तालुक्यात बंगल्यांबरोबर एक नवीन पीक आले. लॉन. ज्या गावात भातातले गवत उपटण्यासाठी बायका पिढ्यानपिढ्या चिखलात वाकल्या, त्या गावात आता गवत विकत आणून, चटईच्या मापाने अंथरून, खत घालून, माळी ठेवून वाढवतात. आणि ते वाढले की, वाढले म्हणून, कापतात. एका जुन्या शेतकऱ्याने हा प्रकार बंगल्याच्या कुंपणावरून बराच वेळ बघितला आणि एकच प्रश्न विचारला, "मग खाता कोण?"

तर गवत नको असणारे आणि हवे असणारे, असे दोन्ही पक्ष शेवटी एकाच ठिकाणी येतात. एका लहानशा इंजिनापाशी. बंगल्यात ते चार चाकांवर बसून येते. आमच्याकडे ते लांब दांड्याच्या टोकाला बसते, पट्ट्याने खांद्याला लटकते आणि त्याला ग्रास कटर म्हणतात. अमेरिकेत ह्यूस्टन शहरात जॉर्ज बॅलस नावाच्या गृहस्थांना 1971 मध्ये गाडी धुण्याच्या यंत्रातले फिरणारे ब्रश बघून ही कल्पना सुचली. त्यांनी एका रिकाम्या डब्याला गळाची नायलॉन दोरी बांधली आणि ती गरागरा फिरवून गवत उडवले. गळाची दोरी आमच्या मोरजीच्या आणि शापोऱ्याच्या माणसांच्या हातात कितीतरी वर्षे आहे. पण तिच्याने मासे सोडून गवत धरावे असे कोणाच्या डोक्यात आले नाही, याचे कारण मी असे मानतो की आमच्याकडे मासे होते.

या यंत्राला विवेक नाही, हेही सांगून टाकतो. कोयत्याने कापणारा माणूस तायखिळ्याची कोवळी पाने भाजीसाठी बाजूला काढायचा, गणपतीवर टांगतात त्या माटोळीला बांधायच्या घागऱ्यो दिसल्या की तेवढे झुडूप सोडून पुढे जायचा. ग्रास कटरवाल्याच्या डोळ्यांवर जाळी, कानांत गोंगाट. तो घागऱ्यो, कांगलां आणि शेजाऱ्याच्या अबोलीचे रोप एकाच न्यायाने आडवे करतो. मग तोच माणूस चवथीच्या आदल्या दिवशी म्हापशाच्या बाजारात माटोळीचे सामान पैसे मोजून घेताना दिसतो.

आमच्या शेजारच्या भाऊंचे यंत्र ऐन श्रावणात बसले. भाऊंची वर डोंगरावर काजूची बागायत आहे, त्यामुळे त्यांच्या यंत्राला वर्षातून दोन हंगाम असतात. एकदा चवथीआधी घराभोवती, आणि एकदा पाऊस संपल्यावर काजूच्या झाडांखाली. कारण मार्चमध्ये बोंडे खाली पडू लागली की ती जमिनीवर दिसली पाहिजेत, आणि वाळलेल्या गवताला आग लागली तर बोंडेही नाहीत आणि उर्राकही नाही. एरवी हे यंत्र गावातच फिरत असते. भाऊंच्या घरी ते फक्त नादुरुस्त असताना सापडते.

लक्षण साधे होते. सुरू करायची दोरी ओढली की हाताला काही लागतच नव्हते. चांगल्या इंजिनाची दोरी ओढताना मध्येच अडते; आत हवा दाबली जात असते, ती हाताला सांगते की मी आहे. इथे दोरी सुळकन बाहेर. "कंप्रेशन नाही, रिंगा गेल्या," असे पायलटाने मोटारसायकलवरून न उतरताच जाहीर केले. (गोव्यात पायलट म्हणजे मोटारसायकलवर भाडे नेणारा. विमानवाले नंतर आले.) गावात कुठल्याही इंजिनाला काहीही झाले की पहिला निकाल हाच लागतो. यावेळी तो बरोबर निघाला, हे त्या पायलटासाठी चांगले झाले पण आमच्यासाठी नाही. कारण पुढच्या प्रत्येक वाक्याला आता त्याच्याकडे पुण्याई होती.

मेस्त्री आले आणि भाऊंच्या सोप्यावर पोते अंथरून त्यांनी इंजिन उघडले. उघडणे कोणालाही जमते. इंजिन 52 सीसीचे, पिस्टनचा व्यास 44 मिलिमीटर, मुठीत घेतले तर झाकून जाईल एवढे. त्याच्या सायलेन्सरकडच्या अंगावर उभे ओरखडे उठलेले होते आणि एक रिंग खाचेत चिकटून बसलेली होती. मेस्त्रींनी ते पिस्टन भाऊंच्या हातात दिले आणि विचारले, "तेल कोणी घातले नाही?"

इथे थोडे थांबून सांगायला हवे. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगणाचे वेगळे भांडे नसते. पेट्रोलमध्येच तेल मिसळायचे, तेच आत जाता जाता पिस्टनला, बेअरिंगला पुसत जाते आणि शेवटी जळून धूर होते. पंचवीसास एक असे प्रमाण असेल तर लिटरभर पेट्रोलला 40 मिलिलिटर तेल. पूर्वी पेट्रोलपंपावर टू-टी तेलाचे छोटे यंत्र असायचे, स्कूटरवाला टाकी उघडायचा आणि पंपावरचा पोरगा न विचारता दोन दांडे मारायचा. स्कूटरी चार-स्ट्रोक झाल्या, ते यंत्र गेले आणि त्याबरोबर गावाची ती सवयही गेली. आता पेट्रोल दिसायला तेलाशिवायही पेट्रोलच दिसते. इंजिन पाच मिनिटे कुरकुरत नाही, उलट धूर कमी झाला म्हणून चालवणारा खूश होतो. मग ॲल्युमिनियमचे पिस्टन तापते, सिलिंडरपेक्षा जास्त फुगते आणि घासू लागते. पूर्ण जोरात चालताना हे पिस्टन मिनिटाला 9000 वेळा वर-खाली होते, म्हणजे सेकंदाला 150 वेळा. एवढ्या वेगाने कोरडे घासल्यावर काय उरणार?

तेल कोणी घातले नाही, या प्रश्नाला गावात उत्तर नव्हते. यंत्र नेणाऱ्या प्रत्येकाने तेल घातले होते. आदल्या माणसाने घातले नव्हते.

म्हापशाहून किट आले: पिस्टन, दोन रिंगा, गजन पिन आणि पिनेच्या दोन टोकांना अडकवायची दोन लॉक. सिलिंडर सुदैवाने साफ करण्याजोगे निघाले. आणि आता जे काम उरले त्यासाठी मेस्त्रींनी सकाळची वेळ मागितली, कारण सकाळी पंचमंडळी बाजारात असतात. पण त्या दिवशी पाऊस होता. पावसात बाजार लवकर उरकतो. नऊ वाजता सोप्यावर मेस्त्री, भाऊ, मी, पायलट, निवृत्त मास्तर आणि नदी परिवहन खात्यात फेरीबोटीच्या इंजिनावर आयुष्य काढलेले काका, असे कोरम झाले.

हा जमाव बघून मला लॉन मोअरचा मूळपुरुष एडविन बडिंग आठवला. इंग्लंडमध्ये स्ट्राउडजवळ कापड गिरण्यांत कापडावरची लव कापणारे यंत्र त्याने बघितले आणि 1830 मध्ये गवत कापणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. शेजारी बघतील, हसतील म्हणून तो आपले यंत्र रात्री चालवून बघायचा असे सांगतात. मला या माणसाबद्दल फार आदर आहे. त्याने यंत्राचा अभ्यास केला तेवढाच शेजाऱ्यांचाही केला होता. चोपड्यात मात्र रात्रीही उपयोग झाला नसता. रात्री कंदील घेऊन सोप्यावर बसलेला माणूस काय करतो आहे हे बघायला दुप्पट लोक आले असते.

काकांनी पिस्टन हातात घेऊन उलटसुलट केले. "हे पिस्टन न्हय, बटण," ते म्हणाले. पूल होण्याआधी शिवोली-चोपडे फेरी चालायची तेव्हाच्या डिझेल इंजिनाचे पिस्टन दोघांनी उचलायचे असते, रिंगा बसवायला पोलादी पट्टा आवळून वरून लाकडी ठोकळ्याने ठोकायचे असते, ही माहिती त्यांनी सावकाश आणि हातवाऱ्यांसह दिली. ती सगळी खरी होती. तिचा इथे काही उपयोग नव्हता, आणि ही गोष्ट काकांना सांगण्याचे वय आमच्यापैकी कोणाचेच नव्हते.

मेस्त्रींनी आधी एक रिंग नुसतीच सिलिंडरमध्ये सरकवली आणि पिस्टनच्या डोक्याने ढकलून सरळ केली. रिंग पूर्ण गोल नसते, तिला फट असते. तापल्यावर रिंग वाढणार. वाढायला जागा ठेवली नाही तर दोन टोके एकमेकांना भिडतात आणि रिंग सिलिंडरात जाम होते. फट किती हवी याचा जुना ठोकताळा आहे: व्यासाच्या दर इंचामागे चार हजारांश इंच. आमच्या 44 मिलिमीटरला ती मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाहूनही थोडी कमी. मेस्त्रींनी पात्यांच्या गेजमधले पाते घालून बघितले आणि मान हलवली. मास्तरांनी तेच माप वर्तमानपत्राच्या दुहेरी घडीने निघेल असे सुचवले आणि त्यासाठी घरून वर्तमानपत्र आणायची तयारीही दाखवली.

ही फट असलेली रिंग 1850 च्या दशकात जॉन रॅम्सबॉटम नावाच्या इंग्रज रेल्वे इंजिनियरने आणली. त्याआधी वाफेच्या इंजिनांत पिस्टनभोवती अंबाडीची दोरी चरबीत भिजवून ठासत. हे मी मोठ्याने सांगितले, आणि सांगायला नको होते. काथ्यावर काम भागत असते तर पेडण्याने सगळ्या जगाला पिस्टन पुरवले असते, इथपासून सरकारने नारळाची कशी वाट लावली इथपर्यंत चर्चा गेली. तेवढ्यात मेस्त्रींनी दोन्ही रिंगा खाचांत चढवल्या. रिंग बिडाची, हवी त्यापेक्षा जरा जास्त फाकवली की कट्कन मोडते, वाकण्याचा विचारसुद्धा करत नाही. चढवण्यापूर्वी नव्या पिस्टनच्या खाचाही त्यांनी जुन्या मोडक्या रिंगेच्या टोकाने फिरवून बघितल्या. मोडकी रिंग हे मेस्त्रींचे आवडते हत्यार. खाचेतला काजळीचा थर काढायला तिच्याइतके बरोबर मापाचे दुसरे काही मिळत नाही.

मग वाद झाला. पायलटाचे म्हणणे पडले की रिंगांच्या फटी एकमेकींपासून लांब ठेवल्या पाहिजेत, एकशेवीस अंशांवर. त्याच्या मोटारसायकलला म्हापशात तशाच बसवल्या होत्या. मास्तरांनी वर्तुळाचे तीन भाग करून दाखवायला खडू मागितला. मेस्त्रींनी न बोलता पिस्टन पुढे केले. प्रत्येक खाचेत एक बारीक खिळा होता. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरच्या भिंतीत हवा आत घ्यायला आणि धूर बाहेर सोडायला खिडक्या असतात. रिंग फिरत फिरत गेली आणि तिचे टोक खिडकीत अडकले तर रिंगही गेली आणि सिलिंडरही. म्हणून खिळा तिला फिरू देत नाही. फट कुठे हवी ते कारखान्यातच ठरलेले असते. पायलटाचे ज्ञान खरे होते, फक्त दुसऱ्या इंजिनाचे होते. आणि रिंगा तीन नसून दोन आहेत हे मास्तरांच्या लक्षात आल्यावर भूमितीही मागे घेण्यात आली.

पिस्टनच्या माथ्यावरचा बाण सायलेन्सरकडे करून मेस्त्रींनी ते कनेक्टिंग रॉडवर टेकवले, पिन सरकवली आणि लॉक हातात घेतले. लॉक म्हणजे तारेचा एवढासा अर्धवट गोल. तो पिनेच्या तोंडाशी खाचेत बसला नाही तर पिन बाहेर सरकून सिलिंडर खरवडते. एवढे महत्त्वाचे काम एवढ्याशा तारेवर कोणी सोपवले, देव जाणे. मेस्त्रींनी ती क्रँकमध्ये पडू नये म्हणून खालच्या तोंडात फडका कोंबला होता, त्यामुळे ती आत पडली नाही. पहिले लॉक बसले. दुसरे पक्कडीतून सुटले आणि अंगणात गेले.

अंगणात गवत होते. ते कापायचे यंत्र सोप्यावर सुटे पडलेले होते.

पुढचा अर्धा तास आम्ही सगळे ओणवे. मेस्त्रींनी जुन्या स्पीकरचे लोहचुंबक दोरीला बांधून गवतातून फिरवले. त्याला दोन खिळे, बिअरच्या बाटल्यांची बरीच टोपणे आणि भाऊंच्या जुन्या गोठ्याची किल्ली चिकटली. किल्लीमुळे भाऊंच्या घरात आनंद झाला आणि चहा आला. जुने लॉकच पुन्हा लावा, असे पायलट म्हणाला. मेस्त्रींनी नाही म्हटले. एकदा काढलेल्या तारेत जोर राहत नाही. तेव्हा पायलट म्हापशाला जाऊन नवे आणायला तयार झाला, भाडे किती घेणार हे स्पष्ट न करता. एवढ्यात मास्तर कंटाळून घरी निघाले. त्यांनी कोपऱ्यात उलटी ठेवलेली छत्री उघडली आणि लॉक त्यांच्या टकलावर पडून टुणकन सोप्यावर आले. ते अंगणात गेलेच नव्हते. मास्तर पुन्हा बसले, आणि शोध आपण लावला अशा मुद्रेने बसले.

मग मुख्य काम. आता पिस्टन खाली उभे होते आणि त्यावर वरून सिलिंडर उतरवायचे होते. रिंगा आपल्या ताणाने बाहेर फुगलेल्या. तोच त्यांचा गुण, त्या भिंतीला रेलून राहिल्या नाहीत तर दाब टिकत नाही. पण आत जाताना तोच गुण आडवा येतो. कासारीण बांगड्या भरताना बांगडी दाबत नाही, हात दाबते. बोटे मुडपून, पंजा अरुंद करून, बोलण्यात गुंतवून हात आत घालते. मेस्त्रींनी तेच केले. डाव्या हाताच्या नखांनी वरची रिंग खाचेत दाबून धरली, उजव्या हाताने तेल लावलेले सिलिंडर तिच्यावर आणले. वरची गेली. खालची सुटली. पुन्हा वर.

"जरा हाण," काका म्हणाले. "लाकडाने. टप टप."

"फिरवून बघा," पायलट म्हणाला. फिरवणे तर मुळीच नाही. रिंगेचे टोक खिडकीत शिरायला तेवढेच पुरते.

"मेस्त्री, डावीकडून थोडे..." असे मास्तरांनी सुरू केले आणि मेस्त्री शेवटी बोलले. ते म्हणाले, "भाऊ, तुमच्याकडे आणखी चहा असा काय?"

मंडळी आत बघू लागली. चहा येणार की नाही याकडे सगळ्यांचे लक्ष गेले तेवढ्या वेळात एक बारीक आवाज झाला आणि सिलिंडर खाली गॅस्केटवर टेकले. आम्ही कोणीही ते बघितले नाही. दोन तास ज्यासाठी बसलो ते झाले तेव्हा आमच्या माना स्वयंपाकघराकडे होत्या. मेस्त्रींना मी तेव्हापासून नुसते मेकॅनिक म्हणत नाही.

बाकीचे भराभर झाले. स्क्रू एकदम न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळले, प्लग काढून दोरी चारदा हळू ओढून बघितली, कुठे अडत नाही याची खात्री केली, कार्बोरेटर लावला, 40 मिलिलिटरच्या खुणेची बाटली काढून मिश्रण केले. तिसऱ्या ओढीला इंजिन पेटले आणि सोपा निळ्या धुराने भरला. "रिंगा उलट्या!" पायलट ओरडला. बसवताना लावलेले तेल जळते आहे, असे मेस्त्रींनी हातानेच सांगितले. धूर विरला. नव्या रिंगांना सिलिंडरशी जुळायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या दोन टाक्या अर्ध्या जोराने चालवायच्या, पूर्ण दाबायचे नाही, असे मेस्त्रींनी बजावले आणि पैसे घेऊन, मोडकी रिंग खिशात टाकून गेले. जुने पिस्टन मास्तरांनी पेपरवेट म्हणून मागून घेतले.

काकांनी यंत्र दुपारसाठी मागितले. त्यांच्यानंतर पायलट, संध्याकाळी. चवथीला थोडेच दिवस होते, आणि ज्याने सल्ला दिला त्याचा यंत्रावर हक्क हे गावात कोणी लिहून ठेवलेले नसले तरी सगळे मानतात. भाऊंनी काकांच्या हातात यंत्र दिले आणि तेलाची बाटली पुढे केली.

काकांनी बाटली परत केली. "आता कित्याक तेल? पिस्टनाक लायलां मरे मेस्त्रीन."